न्यूरॉनला आकार कसा येतो: सांगाड्यातल्या प्रथिनांची भूमिका तपासण्याची पायरीवार रीत

'कोफिलिन न्यूरॉनच्या आकारासाठी लागतं का?' असा प्रश्न घेऊन प्रयोगाला बसलात तर उत्तर 'हो' असंच येईल. कोफिलिनच्या जागी डबलकॉर्टिन घाला, स्पेक्ट्रिन घाला, उत्तर फारसं बदलणार नाही. पेशीच्या सांगाड्यातल्या कुठल्याही प्रथिनाला पुरेसा जोरात धक्का लावला की आकार कुठे ना कुठे बिघडतोच. मग 'आकारासाठी आवश्यक' असं लिहून प्रबंधातलं एक प्रकरण मिटवता येतं, पण न्यूरॉनबद्दल नवं काहीच कळलेलं नसतं.

न्यूरॉनचा आकार टप्प्याटप्प्यानं घडतो. गोल पेशीला आधी अंकुर फुटतात, त्यांतला एक ॲक्झॉन (संदेश बाहेर नेणारी लांब शाखा) होतो, उरलेल्यांचे डेंड्राइट (संदेश घेणाऱ्या शाखा) होतात, डेंड्राइटना फांद्या येतात आणि शेवटी त्या फांद्यांवर स्पाइन, म्हणजे संदेश घेणारे बारीक उंचवटे, उगवतात. एकच प्रथिन या प्रवासात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी कामं करतं. एडीएफ (कोफिलिनचं भावंड प्रथिन) आणि कोफिलिन ही जोडी काढून टाकलेल्या उंदरांच्या न्यूरॉनना मुळात अंकुरच नीट फुटत नाहीत. आणि तेच कोफिलिन प्रौढ न्यूरॉनमध्ये स्पाइन लहानमोठे होण्यात भाग घेतं. तेव्हा प्रश्न असा बांधा: हे प्रथिन कोणत्या टप्प्यावर, पेशीच्या कोणत्या भागात, आणि सांगाड्याचा कोणता गुण बदलून आकारावर परिणाम करतं? गुण म्हणजे तंतूंची लांबी, स्थिरता, दिशा किंवा उलाढालीचा वेग. पुढच्या प्रत्येक पायरीवर निवड करताना याच प्रश्नाकडे वळून पाहायचं आहे. हा लेख एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्या, पेशी वाढवण्याची जुजबी ओळख असलेल्या वाचकासाठी आहे.

सांगाड्याची तोंडओळख, कामापुरती

न्यूरॉनच्या सांगाड्यात तीन प्रकारचे तंतू असतात. ॲक्टिनचे तंतू सर्वांत बारीक, साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. एआरपी २/३ हा प्रथिनसंच त्यांना फांद्या फोडतो, फॉर्मिन त्यांना सरळ लांबवतात, कोफिलिन त्यांचे तुकडे करून जुना माल पुन्हा मोकळा करतं. मायक्रोट्यूब्यूल म्हणजे अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनच्या जोड्यांपासून बनलेली, २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी, बहुतेक वेळा १३ धाग्यांची. तिला अधिक आणि उणे अशी दोन टोकं असतात. अधिक टोक वाढता वाढता अचानक कोसळतं आणि पुन्हा वाढायला लागतं; टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी १९८४ मध्ये या वागण्याला 'डायनॅमिक इन्स्टेबिलिटी' असं नाव दिलं. तिसरे न्यूरोफिलामेंट, १० नॅनोमीटर जाडीचे. त्यांना दिशा नसते आणि मोटर प्रथिनं त्यांच्यावरून चालत नाहीत. ॲक्झॉनची जाडी वाढवणं हे त्यांचं मुख्य काम. न्यूरोफिलामेंट नसलेल्या एका जातीच्या लाव्ह्यांमध्ये ॲक्झॉन बारीक राहतात आणि पक्षी थरथरतात. सुरुवातीचा आकार ठरण्यात मात्र न्यूरोफिलामेंटचा वाटा लहान आहे, म्हणून या लेखात त्यांचा विचार इथेच थांबवतो.

खरी गंमत ॲक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूल यांच्या गाठीभेटीत आहे, आणि त्या होतात ग्रोथ कोनमध्ये. वाढत्या टोकाला हे नाव सांतियागो रामोन इ काखाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात ते पाहून दिलं. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातल्या ऊतीचा तुकडा लिम्फच्या थेंबात ठेवून तंतू जिवंतपणी वाढताना पाहिला. ग्रोथ कोनच्या कडेला ॲक्टिन सतत बनतं आणि मागे सरकत राहतं, मिनिटाला काही मायक्रोमीटर या वेगानं. पेशी पृष्ठभागाला धरून असेल तर हा मागे जाणारा प्रवाह पृष्ठभागाशी जोडला जातो. या जोडणीला क्लच म्हणतात. क्लच बसला की प्रवाह मंदावतो, कड पुढे सरकते आणि मायक्रोट्यूब्यूलना आत शिरायला वाट मिळते. ते शिरून टिकले की तिथे नवा ॲक्झॉन-भाग तयार झाला. म्हणजे मायक्रोट्यूब्यूल पुढे गेले नाहीत याचं कारण ॲक्टिनमध्ये असू शकतं, आणि उलटही. एकाच तंतूला रंग देऊन निष्कर्ष काढू नका.

पेशी आणि पृष्ठभाग

या कामासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली पद्धत म्हणजे उंदीरवर्गीय गर्भाच्या हिप्पोकॅम्पसमधले, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातले, न्यूरॉन. गॅरी बँकर आणि मॅक्सवेल कोवन यांनी १९७७ मध्ये घुशीच्या, म्हणजे रॅटच्या, गर्भातून अशा पेशी सुट्या करून वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. रॅटचा गर्भ १८ दिवसांचा आणि माऊसचा १६ ते १७ दिवसांचा असताना हिप्पोकॅम्पस काढतात. या वयात पिरॅमिडल पेशी बहुतेक तयार झालेल्या असतात, ग्रॅन्यूल पेशींची भर मात्र अजून पडायची असते. त्यामुळे ताटलीत बऱ्यापैकी एकाच जातीचे न्यूरॉन मिळतात. आकार मोजायचा असेल तर हा एकसारखेपणा सोन्यासारखा आहे. कॉर्टेक्सच्या पेशी भरपूर मिळतात, प्रथिनं काढायला त्या चांगल्या. आकार मोजायला मी हिप्पोकॅम्पसच घेईन. न्यूरोब्लास्टोमाच्या अमर पेशीरेषा स्वस्त आणि सोप्या आहेत, पण त्यांच्या 'शेपटीला' ॲक्झॉन म्हणणं धाडसाचं आहे. प्राणी न वापरता काम करायचं असेल तर मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी पुन्हा मूळ पेशींसारख्या करून मिळवलेल्या) बनवलेले न्यूरॉन घ्या, पण त्यांचं वेळापत्रक बरंच संथ असतं हे लक्षात ठेवून पुढचे सगळे तास-दिवस नव्यानं ठरवा. प्राणी वापरणार असाल तर नैतिक समितीची परवानगी हाती आल्यावरच सुरुवात करा.

काचेच्या कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे १.५ क्रमांकाच्या घ्या. चांगल्या लेन्स त्याच जाडीसाठी बनवलेल्या असतात. त्या तीव्र नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून भरपूर पाण्यानं धुवा आणि कोरड्या उष्णतेनं निर्जंतुक करा. मग ८.५ पीएचच्या बोरेट बफरमध्ये पॉलीलायसिनचा थर रात्रभर चढवा. मिलिलिटरला १ मिलिग्राम हे प्रमाण कमी घनतेच्या कल्चरसाठी चालतं. नंतर किमान दोनदा, प्रत्येक वेळी तासाभराहून जास्त, पाण्यात ठेवून धुवा. मोकळं उरलेलं पॉलीलायसिन पेशींना मारतं. 'या वेळी पेशी चिकटल्या पण दुसऱ्या दिवशी विरघळल्या' अशी तक्रार आली तर सगळ्यांत आधी हे धुणं तपासा.

पृष्ठभागाबद्दल इथे जरा थांबतो, कारण यावरच निष्कर्ष फिरतात. फिलोपोडिया (पेशीच्या कडेची बोटांसारखी टोकं) बनवायला मदत करणाऱ्या ईना-व्हॅस्प गटातली तिन्ही प्रथिनं काढून टाकलेल्या माऊसच्या कॉर्टेक्समधल्या न्यूरॉनना पॉलीलायसिनवर अंकुर फुटत नाहीत. हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. पण त्याच पेशी लॅमिनिनवर (पेशींबाहेरच्या जाळ्यातल्या एका प्रथिनावर) ठेवल्या की अंकुर फुटतात. मग ही प्रथिनं अंकुरासाठी 'आवश्यक' आहेत की नाहीत? उत्तर पृष्ठभागावर अवलंबून आहे. लॅमिनिन इंटिग्रिनमार्फत, म्हणजे पृष्ठभागाला धरणाऱ्या पेशीच्या प्रथिनांमार्फत, दुसरा रस्ता उघडून देतं. पेशी चांगल्या वाढाव्यात म्हणून अनेक प्रयोगशाळा सवयीनं लॅमिनिन घालतात. अंकुर फुटण्याचा टप्पा तपासायचा असेल तर ही सवय तुमचा परिणाम गिळून टाकू शकते. माझा आग्रह असा: पहिला प्रयोग फक्त पॉलीलायसिनवर करा, आणि परिणाम दिसला की तो लॅमिनिनवर टिकतो का ते मुद्दाम पाहा. दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत.

हिप्पोकॅम्पस ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये ३७ अंशांना १५ मिनिटं ठेवा, तीनदा धुवा, मग पाश्चर पिपेटनं हळूहळू वर-खाली करून पेशी सुट्या करा. नंतर ज्योतीवर तोंड अरुंद आणि गुळगुळीत केलेल्या पिपेटनं तेच पुन्हा. बुडबुडे येऊ देऊ नका. ट्रिपॅन ब्लू घालून जिवंत पेशी मोजा. मेलेल्या पेशींचं प्रमाण पाचात एकाहून जास्त असेल तर त्या दिवशीचं कल्चर आकार मोजण्यासाठी वापरू नका. पेशी आधी सीरम असलेल्या माध्यमात तीन-चार तास चिकटू द्या, मग बी-२७ घातलेल्या न्यूरोबेसल माध्यमात हलवा. घनता विरळ हवी: एका न्यूरॉनची शाखा दुसऱ्याशी गुंतली की ती कुणाची हे तिसऱ्या दिवसानंतर सांगता येत नाही. पण फार विरळ न्यूरॉन एकटे जगत नाहीत. यावर बँकर यांच्या पद्धतीतला तोडगा असा की कव्हरस्लिपवर पॅराफिनचे ठिपके देऊन ती ग्लिया पेशींच्या थरावर उपडी ठेवायची. न्यूरॉनना ग्लियाचा आधार मिळतो आणि काचेवर गर्दीही होत नाही. आठवडाभराहून जास्त वाढवणार असाल तर ग्लियाची वाढ रोखायला सायटोसिन अराबिनोसाइड घाला.

टप्पे ओळखा, मगच वेळ ठरवा

कार्लोस डॉटी, सुलिव्हन आणि बँकर यांनी १९८८ मध्ये या न्यूरॉनच्या वाढीचे पाच टप्पे मांडले आणि आजही सगळे त्याच भाषेत बोलतात. पहिल्या टप्प्यात चिकटलेल्या गोल पेशीभोवती पातळ पापुद्रा, म्हणजे लॅमेलिपोडिया, पसरतो; हे पहिल्या काही तासांत होतं. दुसऱ्यात, साधारण अर्ध्या दिवसानंतर, सारख्याच लांबीचे चार-पाच अंकुर दिसतात, ते पुढे-मागे करत राहतात. तिसऱ्यात, दीड दिवसाच्या सुमारास, त्यांतला एक झपाट्यानं लांबतो: तो ॲक्झॉन. चौथ्यात, चौथ्या दिवसाच्या आसपास, उरलेले डेंड्राइट म्हणून वाढू लागतात. पाचव्यात, आठवड्यानंतर, फांद्या, सिनॅप्स आणि स्पाइन येतात. स्पाइन नीट मोजण्याजोगे व्हायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

ताटलीतल्या सगळ्या पेशी एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. ४८ तासांना थांबवलेल्या कव्हरस्लिपवर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातले न्यूरॉन शेजारी शेजारी दिसतील. म्हणून पहिलं मोजमाप लांबीचं करू नका. प्रत्येक टप्प्यात किती टक्के पेशी आहेत ते आधी मोजा. तुमच्या प्रथिनाला धक्का दिल्यावर 'ॲक्झॉन आखूड झाला' असं सरासरीत दिसत असेल, तर त्याचे दोन अर्थ निघतात: ॲक्झॉन खरंच हळू वाढतोय, किंवा बऱ्याच पेशी दुसऱ्या टप्प्यातच अडकल्यात. पहिला अर्थ लांबण्याच्या यंत्रणेकडे बोट दाखवतो, दुसरा ध्रुवीकरणाकडे, म्हणजे एक अंकुर वेगळा होऊन ॲक्झॉन ठरण्याकडे. टप्प्यांची टक्केवारी नसेल तर हे दोन वेगळे करता येत नाहीत. प्रकाशित कामांतला मोठा गोंधळ इथूनच येतो असं माझं मत आहे.

एकदा सर्व प्रायोगिक अटींविना, नुसत्या निरोगी कल्चरवर ८, २४, ३६, ४८, ७२ आणि ९६ तासांना पेशी थांबवून तुमच्या हातचं वेळापत्रक तयार करा. पुस्तकातले तास तुमच्या माध्यमाला आणि घनतेला लागू पडतीलच असं नाही.

थांबवणं आणि रंगवणं

मायक्रोट्यूब्यूल थंडीत मोडतात. म्हणून फिक्सेटिव्ह ३७ अंशांना गरम करून घ्या आणि ताटली इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या त्यात टाका. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड आणि ४ टक्के सुक्रोज, १५ ते २० मिनिटं, हे रोजच्या कामाला पुरतं. सुक्रोजमुळे नाजूक ग्रोथ कोन फुगत-फाटत नाहीत.

मायक्रोट्यूब्यूल एकेक वेगळे दिसायला हवे असतील तर एवढ्यानं भागत नाही, कारण सुटं ट्यूब्युलिनही आत राहतं आणि सगळं धूसर होतं. तेव्हा फेम बफर वापरा: ६० मिलिमोलर पाइप्स, २५ हेपीस, १० ईजीटीए, २ मॅग्नेशियम क्लोराइड, पीएच ६.९. त्यात पॅराफॉर्माल्डिहाइडबरोबर थोडं ग्लुटाराल्डिहाइड आणि थोडं ट्रायटन घाला, म्हणजे फिक्सिंग चालू असतानाच सुटं ट्यूब्युलिन धुऊन जातं. नंतर सोडियम बोरोहायड्राइडनं ग्लुटाराल्डिहाइडची स्वतःची चमक मारून टाका. थंड मिथेनॉल काही अँटिबॉडींना आवडतं, पण त्यानंतर फॅलॉइडिन (ॲक्टिनचे तंतू रंगवणारं द्रव्य) चिकटत नाही. ॲक्टिनही पाहायचं असेल तर मिथेनॉल नको.

रंगांची निवड टप्प्यावरून करा. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यासाठी बीटा-३ ट्यूब्युलिन, फॅलॉइडिन आणि टाऊ-१ ही अँटिबॉडी. चौथ्या टप्प्यापासून डेंड्राइटसाठी मॅप-२ आणि ॲक्झॉनच्या सुरुवातीच्या भागासाठी अँकिरिन-जी. यात तीन सापळे आहेत.

पहिला टाऊ-१चा. ही अँटिबॉडी एका ठरावीक जागी फॉस्फेट नसलेलंच टाऊ (मायक्रोट्यूब्यूलला चिकटणारं एक प्रथिन) ओळखते. डेंड्राइटमध्ये ती चमकली नाही म्हणजे तिथे टाऊ नाही असं नव्हे. आधी फॉस्फेटेझ एन्झाइम लावलं तर चमक पेशीभर दिसते. सुरुवातीला टाऊ आणि मॅप-२ दोन्ही सगळ्याच अंकुरांत असतात, नंतर वाटणी होते. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यावर मॅप-२ असलेल्या ॲक्झॉनला 'बिघडलेला' ठरवू नका.

दुसरा फॅलॉइडिनचा. कोफिलिननं पूर्ण लपेटलेल्या ॲक्टिन तंतूला फॅलॉइडिन चिकटत नाही. कोफिलिनवर काम करताना फॅलॉइडिनची चमक कमी झाली तर तंतू कमी झाले की फक्त झाकले गेले हे त्या एका रंगावरून कळत नाही. अशा वेळी ॲक्टिनची अँटिबॉडीही जोडीला लावा. फॅलॉइडिन हे विषारी अळंबीतलं द्रव्य आहे, हातमोजे घाला.

तिसरा ट्यूब्युलिनवरच्या खुणांचा. ॲसिटिल खूण असलेले मायक्रोट्यूब्यूल सहसा जुने आणि टिकाऊ असतात, टायरोसिन असलेले नवे आणि चंचल. दोन्हींचं गुणोत्तर प्रत्येक अंकुरात मोजलं की कुठला अंकुर स्थिर होतोय ते दिसतं. ध्रुवीकरण होण्याआधीच एका अंकुरात हे गुणोत्तर चढलेलं सापडतं. पण ॲसिटिल खूण ही मुख्यतः टिकाऊपणाची पावती आहे. ती तंतूला वाकण्या-मोडण्यापासून थोडं जपते, तरी फक्त तिच्याकडे बोट दाखवून 'या खुणेमुळे ॲक्झॉन झाला' असं म्हणता येत नाही.

औषधांनी धक्का द्या, पण मात्रा पाहून

औषधांचा मोठा फायदा म्हणजे वेळ तुमच्या हातात राहते. दुसऱ्या टप्प्यावर घाला, तासाभरानं धुवा, पुढे काय होतं ते पाहा. तोटा म्हणजे मात्रा बदलली की औषधाचा अर्थच बदलतो.

टॅक्सॉल मायक्रोट्यूब्यूल स्थिर करतं. ३ ते १० नॅनोमोलर इतक्या क्षीण मात्रेत दोन दिवस ठेवलं तर एकाच न्यूरॉनला अनेक ॲक्झॉन येतात. २००८ मध्ये फ्रँक ब्राडके यांच्या गटानं हे दाखवलं. प्रकाशानं मोकळं होणारं टॅक्सॉल एकाच अंकुरावर सोडून तोच अंकुर ॲक्झॉन होतो हेही दाखवलं. मात्रा वाढवत नेली की वाढच खुंटते. नोकोडाझोलचं तसंच: दहांच्या घरातल्या नॅनोमोलर मात्रेत ते मायक्रोट्यूब्यूलची चंचलता कमी करतं, मायक्रोमोलरमध्ये नळ्याच मोडतं. ॲक्टिनसाठी सायटोकॅलासिन-डी सुमारे १ मायक्रोमोलर किंवा लॅट्रंक्युलिन. ब्राडके आणि डॉटी यांनी १९९९ मध्ये दाखवलं की ॲक्टिन सैल केलं तरीही अनेक ॲक्झॉन येतात, आणि एकाच ग्रोथ कोनवर सायटोकॅलासिन सोडलं तर त्याच अंकुराचा ॲक्झॉन होतो. दोन विरुद्ध वाटणाऱ्या धक्क्यांतून एकच निकाल येतो, कारण दोन्हींचा शेवट मायक्रोट्यूब्यूल पुढे शिरून टिकण्यात होतो. या दोन प्रयोगांची जोडी तुमच्या कल्चरवर एकदा करून पाहा. अनेक ॲक्झॉन दिसले तर तुमची पद्धत ध्रुवीकरणाचा फरक पकडते याची खात्री होते, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगांना सकारात्मक नियंत्रण मिळतं.

रो-किनेज रोखायला वाय-२७६३२ आणि मायोसिन-२ रोखायला ब्लेबिस्टॅटिन वापरतात. साधं ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशात पेशींना विषारी ठरतं, त्यामुळे जिवंत चित्रण करायचं असेल तर त्याचं प्रकाशात टिकणारं रूप घ्या. प्रत्येक औषधाला किमान चार मात्रा, डीएमएसओचं नियंत्रण आणि डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत.

जनुक बंद करताना घड्याळ विसरू नका

टाऊची गोष्ट प्रत्येकानं माहीत करून घ्यावी. १९९० मध्ये काथेरेस आणि कोसिक यांनी सेरेबेलमच्या न्यूरॉनमध्ये अँटिसेन्स तुकड्यांनी टाऊ कमी केलं, तेव्हा ॲक्झॉन बनेना. १९९४ मध्ये टाऊचं जनुकच काढलेले माऊस जन्माला आले: जगले, वाढले, आणि त्यांच्या न्यूरॉनना ॲक्झॉनही आले. बारीक ॲक्झॉनमधल्या मायक्रोट्यूब्यूलमध्ये थोडा फरक होता आणि मॅप-१ए हे दुसरं प्रथिन वाढलं होतं. पुढे टाऊ आणि मॅप-१बी दोन्ही काढल्यावर मात्र ॲक्झॉनची वाढ आणि न्यूरॉनचं स्थलांतर, दोन्ही चांगलेच बिघडले. प्रथिन अचानक कमी झालं तर पेशी गडबडते. गर्भाच्या सुरुवातीपासूनच नसेल तर दुसरं प्रथिन त्याची जागा सांभाळू शकतं. म्हणून नॉकआउटमध्ये (जनुकच काढल्यावर) परिणाम दिसला नाही म्हणून हात झटकू नका, आणि नॉकडाउनमध्ये (प्रथिन फक्त कमी केल्यावर) दिसला म्हणून हुरळून जाऊ नका.

आता घड्याळ. सांगाड्यातली बरीच प्रथिनं दीर्घायुषी असतात. आरएनए बंद केला तरी आधी साठलेलं प्रथिन दोन-तीन दिवस, कधी जास्तही, टिकतं. ॲक्झॉन तर दीड दिवसात ठरतो. पेशी पेरण्याआधी न्यूक्लिओफेक्शननं (विजेच्या धक्क्यानं) शॉर्ट-हेअरपिन आरएनए, म्हणजे जनुकाचा आरएनए बंद करणारा तुकडा, घातला तरी तुम्ही मोजता तेव्हा प्रथिन बहुधा पुरेसं असतं, आणि 'ध्रुवीकरणात भूमिका नाही' हा निष्कर्ष चुकीचा निघतो. यातून तीन वाटा निघतात. पेशी दोन-तीन दिवस वाढवून, प्रथिन संपल्यावर, काचेवरून सोडवून पुन्हा पेरायच्या: त्या गोल होऊन पहिल्यापासून सुरुवात करतात. ही वाट स्वस्त, पण पेशींना ताण देणारी आहे, म्हणून नियंत्रण पेशीही तशाच सोडवून पेरायला हव्यात. दुसरी वाट म्हणजे गर्भातच इलेक्ट्रोपोरेशन करून मग पेशी काढणं. तिसरी म्हणजे प्रथिनाला डेग्रॉनची शेपटी लावून औषधानं ते काही तासांत नष्ट करणं. जमली तर हीच सर्वांत स्वच्छ. कुठलीही वाट घ्या, ज्या तासाला आकार मोजता त्याच तासाला प्रथिन किती उरलं ते रंगवून किंवा ब्लॉट करून दाखवा.

स्पाइन किंवा डेंड्राइटच्या फांद्या तपासायच्या असतील तर उलटं करा: ॲक्झॉन ठरू द्या आणि पाचव्या-सातव्या दिवशी लिपोफेक्शननं मोजक्या पेशींत प्लाझ्मिड घाला. विरळ पेशींतच चमक असल्यानं दाट कल्चरमध्येही एकेक डेंड्राइट स्पष्ट दिसतो.

दोन वेगवेगळे हेअरपिन आणि हेअरपिनला दाद न देणारं प्रथिन घालून केलेला बचाव, एवढं तरी लागतंच. बचावाचं प्रथिन जोरदार प्रमोटरखाली ठेवू नका. टाऊ किंवा मॅप-२ गरजेपेक्षा जास्त झालं की मायक्रोट्यूब्यूलच्या जाड जुड्या बनतात आणि आकार दुसऱ्याच कारणानं बिघडतो.

जिवंत पेशीत दिशा आणि वेग

रंगवलेल्या पेशीत मायक्रोट्यूब्यूल आहे हे दिसतं, तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे दिसत नाही. कणाधारी प्राण्यांच्या ॲक्झॉनमध्ये जवळपास सगळ्या मायक्रोट्यूब्यूलची अधिक टोकं पेशीपासून दूर असतात, डेंड्राइटमध्ये दिशा मिसळलेल्या असतात. पीटर बास आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे हिप्पोकॅम्पसच्या न्यूरॉनमध्ये सिद्ध केलं. फळमाशीच्या डेंड्राइटमध्ये बहुतेक उणे टोकं बाहेर असतात, तेव्हा माशीवरचे निष्कर्ष उचलताना जपून.

दिशा पाहायला ईबी-३ या प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून पेशीत घाला. ते वाढत्या अधिक टोकावर बसतं आणि धूमकेतूसारखे ठिपके धावताना दिसतात. दर एक-दोन सेकंदाला एक चित्र, दोन-तीन मिनिटं, ३७ अंश पक्के राखून. मग शाखेवर रेघ ओढून कायमोग्राफ बनवा: तिरक्या रेघांचा कल म्हणजे दिशा, उतार म्हणजे वेग. ईबी-३ जास्त झालं की ते सगळ्या नळीभर पसरतं आणि वागणंही बदलतं, म्हणून फिकट चमकणाऱ्या पेशी निवडा. ॲक्टिनसाठी लाइफॲक्ट या चमकत्या खुणेचंही तेच: थोडं असेल तर ठीक, जास्त झालं तर ते ॲक्टिनच्या उलाढालीत ढवळाढवळ करतं. सिर-ॲक्टिन जास्प्लाकिनोलाइडपासून आणि सिर-ट्यूब्युलिन डोसिटॅक्सेलपासून बनवलेलं आहे, म्हणजे दोन्ही मुळात तंतू स्थिर करणारी औषधं. स्थिरतेचाच प्रश्न असेल तर ही निवड टाळा.

ॲक्झॉनच्या आवरणाखाली ॲक्टिनची कडी साधारण १९० नॅनोमीटर अंतरावर असतात, मध्ये स्पेक्ट्रिन. २०१३ मध्ये शाओवेई झुआंग यांच्या गटानं हे उजेडात आणलं. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या वर असल्यानं ती दिसत नाहीत. त्यासाठी स्टॉर्म किंवा स्टेड अशी याहून बारीक दाखवणारी तंत्रं लागतात.

मोजमाप

मोजायला बसण्याआधी व्याख्या लिहून काढा. अंकुर कशाला म्हणणार? किमान पेशीच्या व्यासाएवढा लांब, हा चांगला निकष. ॲक्झॉन कशाला? दुसऱ्या सर्वांत लांब अंकुराच्या दुप्पट आणि टोकाकडे टाऊ-१ असलेला, असं काहीतरी, पण सगळ्या कव्हरस्लिपना एकच. शेजाऱ्याला स्पर्श करणाऱ्या, आकसलेल्या केंद्रकाच्या पेशी वगळायच्या हेही आधीच ठरवा. फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या, म्हणजे कुठली पेशी कुठल्या गटातली हे मोजणाऱ्याला कळणार नाही.

शाखा फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एसएनटीनं किंवा न्यूरॉनजेनं रेखा. लांबी, टोकांची संख्या, मुख्य अंकुरांची संख्या हे सरळ आहे. फांद्यांच्या दाटीसाठी शोल विश्लेषण: पेशीभोवती, समजा दर १० मायक्रोमीटरला, वर्तुळं काढून प्रत्येकाला किती शाखा छेदतात ते मोजायचं. शोल यांनी १९५३ मध्ये मांजराच्या कॉर्टेक्ससाठी ही रीत मांडली. ॲक्झॉन आणि डेंड्राइट एकत्र घालून शोल काढू नका. मॅप-२ असलेल्या शाखा वेगळ्या करा, नाहीतर लांब ॲक्झॉनच्या फांद्या डेंड्राइटचा आलेख फुगवतात.

आणि नमुना संख्या. एका गर्भारपणातून काढलेलं एक कल्चर म्हणजे एक नमुना. त्यातल्या ८० पेशी मोजल्या तरी तो एकच. पेशींची संख्या नमुना म्हणून वापरली की पी-किंमत हास्यास्पद लहान येते आणि पुढच्या कल्चरमध्ये परिणाम गायब होतो. किमान तीन स्वतंत्र कल्चर घ्या आणि पेशी कल्चरमध्ये, कल्चर गटात अशी रचना सांभाळणारं मिश्र प्रारूप वापरा. तेवढं जमत नसेल तर प्रत्येक कल्चरची सरासरी काढून तिचीच तुलना करा.

परिणाम वाचताना क्रम असा ठेवा: आधी जगलेल्या पेशींचं प्रमाण, मग टप्प्यांची टक्केवारी, मग एकाच टप्प्यातल्या पेशींची लांबी आणि फांद्या, मग त्या शाखांत ॲक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूलची स्थिती. पहिल्याच ओळीत फरक असेल तर खालच्या ओळी वाचू नका. मरणाऱ्या पेशी शाखा आखडून घेतात. दुसऱ्या ओळीत फरक असेल तर ध्रुवीकरणाचे प्रयोग, म्हणजे टॅक्सॉल आणि सायटोकॅलासिनची जोडी, तुमच्या प्रथिनाच्या अभावातही अनेक ॲक्झॉन देते का ते तपासा. टॅक्सॉलनं ॲक्झॉन परत आला आणि सायटोकॅलासिननं नाही, तर पुढचा प्रयोग मायक्रोट्यूब्यूलच्या स्थिरतेवर करा. उलट झालं तर ॲक्टिनच्या मागे सरकणाऱ्या प्रवाहाचा वेग मोजा.